गजाभाऊंची अकरा मिनिटं

आमच्या पेणच्या रामवाडीतले गजाभाऊ म्हात्रे आधी पाण्याचा वास घेतात, मग पाणी देणाऱ्या माणसाचा, आणि मगच नमस्कार करतात. त्यांचं नाक म्हणजे काय सांगू! रोह्याच्या औषध कंपनीत आज कुठली टाकी धुतली, हे त्यांनी वडखळ नाक्यावर उभं राहून मला सांगितलंय. वारा उलटा होता तरी.

दुसरं म्हणजे हा माणूस बसत नाही. पेण ते रोहा कंपनीच्या बसमध्ये उभा, लग्नाच्या पंगतीत उभा. न्हावी स्टुलावर चढून त्यांची दाढी करतो. "पानी थांबतं काय? मग मी कशाला थांबू?"

त्याच कंपनीत ते सांडपाण्यावर आहेत. अँटिबायोटिक बनवताना पाण्यात जे उरतं, ते तसंच नदीत गेलं तर तिथले जंतू ते पिऊन पैलवान होतात; मग माणसाला तेच औषध दिलं तरी ढिम्म हलत नाहीत. म्हणून त्या पाण्यात ओझोन वायूचे बुडबुडे सोडतात. ओझोन औषधाचा कण न् कण तोडतो. भाऊ म्हणतात, "कोयता हाय कोयता. निसता वासाचा."

गेल्या वर्षी वहिनींच्या पायाला जखम झाली आणि चिघळली. एकामागून एक औषधं झाली, जंतू हटेना. डॉक्टर म्हणाले, याला औषधांची सवय झालीय. त्या संध्याकाळी भाऊ भाज्या धुवायचं ओझोनचं मशीन घेऊन आले. नळी कळशीत, अकरा मिनिटं बुडबुडे, मगच पाणी. पाहुणा तहानेने आडवा झाला तरी उत्तर एकच: "थांब, अजून तुटलं नाय."

मी म्हटलं, रोह्याचं सांडपाणी पेणच्या नळाला कसं येईल? खोलीत तीन फेऱ्या मारून ते म्हणाले, "पानी नाय येत. मासली येते." शिफ्ट सुटली की वहिनींसाठी रोह्याच्या खाडीची मासळी तेच आणायचे.

परवा दुपारी त्यांच्याकडे गेलो. मशीन घुरघुरत होतं, कळशीत बुडबुडे उठत होते, पण झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला तो ओझोनचा उग्र वास नव्हता. आणि गजाभाऊ चक्क बसले होते! पलंगाच्या कडेला, वहिनींचा पट्टी बांधलेला पाय मांडीवर घेऊन. नव्या इंजेक्शनांनी जखम आता भरत आली होती. वहिनींचा डोळा लागला होता.

मी हळूच म्हटलं, "भाऊ, मशीन गेलंय. नुसती हवा सुटतेय."

"ठाव हाय. गणपतीपासनं."

"मग दुरुस्तीला का देत नाही?"

"आठ दिस लावतील. तवर हितं कशाच्या नावानं बसू?" त्यांनी वहिनींच्या पायाखालची उशी सारखी केली. "हिला लागायच्या आधी कंपनीतलं मशीन चार दिस बंद होतं, तवा चालू हाय म्हनून मी सही ठोकली. त्याच दिसांत मासली आनली, हिनं खाल्ली. निसता बसलो तर ही विचारील, काय झालंय. मग सांगावं लागंल."

एका सहीने हे सगळं होत नाही, असं मी सांगणार होतो. तेवढ्यात वहिनी हलल्या. डोळे मिटूनच म्हणाल्या, "अवो, झाली काय अकरा मिनिटं?"

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाय गो," ते म्हणाले. "अजून तुटलं नाय."