पन्नास मैलांच्या आतला विरह

नवरा सैन्यात निघाला की बायका रडतात. ट्रिना टॅकेटही रडली, पण हिशेब करत करत रडली.

केंटकीच्या डोंगरात ऑरिन ज्या लाकडाच्या गिरणीत कामाला होता ती बंद पडली, आणि दोन महिने घरात बसून कंटाळल्यावर तो एक दिवस भरतीच्या कचेरीत जाऊन सही करून आला. त्या दिवसापासून ट्रिनाने सैन्याच्या पगाराचा असा काही अभ्यास केला, की भरती करणारा सार्जंटसुद्धा तिच्यासमोर जपून बोलू लागला. त्या अभ्यासातून तिला दोन गोष्टी फार आवडल्या. एक म्हणजे, लग्न झालेला रंगरूट स्वतः बराकीतल्या लोखंडी खाटेवर झोपत असला तरी मागे राहिलेल्या कुटुंबासाठी घरभाड्याचा भत्ता पहिल्या दिवसापासून मिळतो. दुसरी म्हणजे, नवरा-बायको महिन्याहून जास्त वेगळे राहिले तर त्या वेगळं राहण्याचाही भत्ता मिळतो. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. ट्रिना त्याला विरहभत्ता म्हणायची.

"म्हणजे तुझी आठवण येण्याचे मला पैसे मिळणार," ती ऑरिनला म्हणाली.

"आणि नाही आली तर?"

"तरी मिळतात. मी विचारून घेतलंय."

ती एका पार्लरमध्ये बायकांचे केस धुवायची. डोकं बेसिनमध्ये असलेलं गिऱ्हाईक पळून कुठे जाणार? त्यामुळे महिन्याभरात अर्ध्या गावाला विरहभत्त्याची साद्यंत माहिती झाली. पैशातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं बँकेतल्या माणसालाही कळत नसेल, असं ट्रिनाचं प्रामाणिक मत होतं, आणि ते खोडून काढायला बँकेतला माणूस कधी केस धुवायला आला नाही.

ऑरिन जॉर्जियातल्या छावणीत गेला. फोन काढून घेतले होते. फक्त रविवारी संध्याकाळी ते काही मिनिटं हातात देत. ट्रिना आणि दोन वर्षांची माबेल डोंगरातल्या भाड्याच्या, चाकांवरच्या ट्रेलरघरात राहिल्या. आठवण येण्याचे पैसे मिळतात हे खरं, पण ती इतकी येईल हे ट्रिनाने हिशेबात धरलं नव्हतं. माबेल रोज जेवताना ऑरिनच्या रिकाम्या खुर्चीकडे चमचा धरायची.

अशात ऑरिनच्या व्हर्नाआत्याचा फोन आला. ही म्हातारी त्याच छावणीबाहेरच्या हार्लो नावाच्या गावात एकटीच राहत होती.

"मागची खोली रिकामी पडलीय पोरी," आत्या म्हणाली. "छावणीचं फाटक इथून चार मैलांवर. वारा बरा असला तर त्यांच्या शिव्या ऐकू येतात."

फोन ठेवेपर्यंत ट्रिनाच्या डोक्यात सगळी योजना तयार होती. घरभाड्याचा भत्ता कुटुंब जिथे राहतं त्या गावाच्या भावाने मिळतो, आणि हार्लोचा भाव डोंगरातल्यापेक्षा चांगला. म्हणजे भत्ता वाढणार, आत्याकडे भाडं नाही, आणि वर ऑरिन हाकेच्या अंतरावर. एका दगडात तीन पक्षी, आणि तेही पगारी. ऑरिनला मात्र सांगायचं नाही. प्रशिक्षण संपून संचलन होईल त्या दिवशी आपण अचानक समोर उभं राहायचं.

तिने ट्रेलरघर सोडलं, सामान आणि माबेल गाडीत कोंबली आणि दक्षिणेला निघाली. हार्लोत पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर छावणीच्या पगार कचेरीत फोन करून पत्ता बदलला. व्यवहारात ती सरळ होती.

फोनवर मिस ओडम म्हणून बाई होत्या. "पत्ता बदलायचा हे नक्की ना, मॅम?"

"नक्की."

"तुम्ही विचार केलाय ना?"

"भरपूर."

"बरं," मिस ओडम म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते ट्रिनाच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी तिला एवढंच वाटलं, की दक्षिणेकडची माणसं बोलायला किती गोड असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माबेलला कडेवर घेऊन छावणीच्या कुंपणाशी उभी राहिली. रस्ता सगळ्यांचा होता, उभं राहायला बंदी नव्हती. आत रंगरुटांच्या तुकड्या धावत होत्या. आता पंचाईत अशी, की सगळ्यांची डोकी गुळगुळीत, कपडे एकसारखे आणि चेहऱ्यावर एकच भाव: आपण इथे का आलो. मक्याच्या कणसातला दाणा ओळखावा तसं नवऱ्याला ओळखायचं होतं. माबेलने तो प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता. ती प्रत्येकालाच "डॅडी" म्हणत होती.

पण ट्रिना बायको होती. डावा खांदा किंचित पाडून धावायची ऑरिनची लकब तिला ठाऊक होती. तसा एक जण दिसला. तिने हात हलवला. त्याने पाहिलं, गोंधळला आणि पुढच्याच्या पाठीवर आदळला. सार्जंट ओरडला, आणि तो गडी तिथेच जमिनीवर जोर काढू लागला.

"माझ्यामुळे," ट्रिना घरी येऊन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण ओळखलं त्याने मला, आत्या."

मग ती रोज जाऊ लागली. रोज हात हलवायची, माबेलला हात हलवायला लावायची, एकदा तर तिने फुंकर मारून पापाही पाठवला. तो गडी रोज लाल व्हायचा आणि बहुतेक रोज जोर काढायचा.

तो गडी ऑरिन नव्हता. तो नेब्रास्काच्या शेतातून आलेला बीझली नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता, आणि त्याचं लग्न तर राहोच, साधं ठरलंही नव्हतं. त्याचा खांदा लहानपणी बैलाच्या धडकेने पडला होता.

बराकीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? बीझलीची बायको रोज पोर घेऊन कुंपणाशी येते आणि हा तिला ओळख दाखवत नाही. सार्जंट क्विंटेरो खडूस माणूस, पण त्याला स्वतःला तीन मुली होत्या. त्याने बीझलीला बोलावून विचारलं, "भरतीच्या वेळी बायको-मुलगी का लपवलीस? त्यांचा घरभाड्याचा भत्ता बुडतोय."

"सार्जंट, मला बायको नाही."

"मग ती रोज कुणाला हात हलवते, मला?"

सगळ्यांत जास्त चिडला तो ऑरिन. तो त्याच बराकीत होता, पण त्याची तुकडी सकाळी दुसऱ्या मैदानावर धावत असे, म्हणून ती बाई त्याने कधी पाहिलीच नव्हती. रात्री खाटेवर बसून तो बीझलीला समजावत असे. "हे बघ भावा, चूक कुणाकडूनही होते. पण उन्हातान्हात पोर घेऊन उभी राहणारी बायको नशिबाने मिळते. माझी बायको सहाशे मैल लांब आहे. ती अशी आली असती तर मी कुंपण तोडून गेलो असतो."

बिचाऱ्या बीझलीने रविवारी आईला फोन केला. "आई, इथे सगळे म्हणतायत की मला बायको आणि मुलगी आहे."

मग आई म्हणाली, "मुलीचं नाव काय ठेवलंय?"

त्याच आठवड्यात ऑरिनला पगार कचेरीत बोलावणं आलं. मिस ओडम म्हणाल्या, "तुमचा वेगळं राहण्याचा भत्ता सुरू होणार नाही. कुटुंब छावणीपासून पन्नास मैलांच्या आत राहत असलं तर तो मिळत नाही."

"माझं कुटुंब केंटकीत आहे, मॅम."

"होतं. आता इथे गावात आहे. बायकोनेच कळवलंय."

ऑरिन बराकीत परत आला. रविवारी फोन हातात येताच त्याने ट्रिनाला लावला. "कुठे आहेस?"

ट्रिना आत्याच्या ओसरीवर घेवडा निवडत बसली होती. संचलनाला थोडेच आठवडे राहिले होते. एवढी जपलेली गंमत आता कुठे फोडायची? "घरी," ती म्हणाली. "अजून कुठे असणार?"

"डोंगरातल्या घरी?"

"मग काय."

नेमका तेव्हाच छावणीतला संध्याकाळचा बिगुल वाजला. ऑरिनला तो एका कानाने मैदानातून ऐकू आला आणि दुसऱ्या कानाने फोनमधून. केंटकीच्या डोंगरात बिगुल वाजत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ट्रिनाला वाटलं, वेळ संपली. ऑरिनला मात्र वाटलं, सगळंच संपलं. बायको घर सोडून छावणीशेजारी येऊन राहते, आणि विचारलं तर खोटं बोलते. ज्याच्याकडे राहते तो कोण असेल? निदान सार्जंट तरी असेल, कारण रंगरुटाला बाहेर सोडत नाहीत. त्याने जेवण टाकलं. नेमबाजीत शेजारच्याच्या फळीवर गोळ्या घातल्या. शेवटी क्विंटेरोने त्याला छावणीच्या पाद्रीसाहेबांकडे पाठवलं, आणि एका खेपेत काम उरकावं म्हणून बीझलीलाही बरोबर धाडलं. एकाची बायको हरवली होती, दुसऱ्याला नको असलेली सापडली होती.

पाद्रीसाहेबांनी ट्रिनाला फोन केला. मोसबी नाव त्यांचं. मऊ आवाजाचे गृहस्थ. "मिसेस टॅकेट, तुमचे यजमान फार दुःखात आहेत. तुम्ही येऊन बोलू शकाल का?"

ट्रिनाने गाडीची किल्ली उचलली. दुःखात म्हणजे काय? पाय मोडला की डोकं फुटलं? की रोज जोर काढून काढून छाती बसली? माबेलला उचलून, व्हर्नाआत्याला गाडीत घालून ती निघाली. फाटकावर पाद्रीसाहेबांनी नाव दिलं होतं, म्हणून आत सोडलं.

खोलीत चौघे होते: पाद्रीसाहेब, दाराशी क्विंटेरो, आणि बाकावर दोन गुळगुळीत डोकी. माबेल आईच्या कडेवरून घसरली, सरळ बीझलीकडे धावली आणि त्याच्या गुडघ्याला मिठी मारून म्हणाली, "डॅडी."

बीझली भिंतीला टेकून उभा राहिला. "सर, मी या बाईंना ओळखत नाही."

"मीही याला ओळखत नाही," ट्रिना म्हणाली. मग तिने त्याच्या पडक्या खांद्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे, तसं रोज भेटतो आम्ही."

ऑरिन बाकावरून उठला होता. तो आधी बीझलीकडे, मग माबेलकडे, मग ट्रिनाकडे पाहत होता. "कुंपणाजवळची ती तू?"

"मला वाटलं तूच आहेस तो."

"राहतेस कुणाकडे?"

"माझ्याकडे," दारातून व्हर्नाआत्या म्हणाली. "आणि पाच पायऱ्या चढवल्यात तुम्ही मला, कुणीतरी खुर्ची द्या."

क्विंटेरो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. जरा वेळाने तो घसा खाकरून म्हणाला, "बीझली, बाहेर. टॅकेट, तुला दहा मिनिटं." आणि आत्याला खुर्ची द्यायलाही तोच थांबला.

दहा मिनिटांतली निम्मी वाया गेली, कारण माबेल ऑरिनकडे जाईना. तिच्या मते डॅडी आत्ताच दाराबाहेर गेला होता, आणि हा माणूस नुसताच जवळ येत होता. ती आईच्या मानेत तोंड खुपसून रडली. ऑरिन खाली जमिनीवर बसला, हात मांडीवर ठेवून. ट्रिनाला त्याच्याकडे बघवेना. शेवटी माबेल हळूच आली, एक बोट त्याच्या डोक्यावरून फिरवलं, आणि दोन्ही तळवे ठेवून ते डोकं तिने कलिंगडासारखं थापटलं. ऑरिनने डोळे मिटून घेतले.

मग त्याने पन्नास मैलांचा नियम सांगितला. "भत्ता गेला," ट्रिना पुटपुटली. "माझ्यामुळे गेला. मी परत जाऊ का डोंगरात?"

"कुठे जाऊ नकोस," ऑरिन म्हणाला. "फक्त यापुढे हात हलवायच्या आधी मला विचार, मी कितवा आहे ते सांगतो."

तरीही ट्रिनाने मिस ओडमना एकदा गाठलंच. "मॅम, चार मैलांवर राहून मला नवरा दिसत नाही. दिसला तर भलताच दिसतो. हा विरह नाही?"

"विरह आहे, मॅम," मिस ओडम मनापासून म्हणाल्या. "पण तो पन्नास मैलांच्या आत आहे."

संचलनाच्या दिवशी ऊन लखलखीत होतं. समारंभ संपून ऑरिन माबेलला खांद्यावर घेऊन ट्रिना आणि बीझलीजवळ उभा होता, तेवढ्यात निळ्या टोपीतली एक उंच, धिप्पाड बाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने ट्रिनाला घट्ट मिठी मारली.

"अगं पोरी, एवढं लपवायचं काय होतं? आम्ही काय खाणार होतो तुला?"

बीझलीची आई होती ती. खुलासा करणारा फोन बीझलीने केला होता, पण आईला वाटलं, पोरगा पुन्हा कच खातोय. त्यामुळे नेब्रास्काहून ती नातीसाठी स्वतः विणलेला पिवळा स्वेटर घेऊन आली होती. तिला सगळं समजावून सांगायला ट्रिना, ऑरिन आणि बीझली या तिघांना मिळून बराच वेळ लागला. ऐकून ती बाकावर बसली. स्वेटर मांडीवर उलगडून तिने त्याची बटणं कुरवाळली.

"एवढा विणलाय," ती म्हणाली, "तर घालून तरी बघू दे."

स्वेटर माबेलला अगदी बेताचा बसला. भर उन्हात तो काढू द्यायला ती तयार होईना, आणि बीझलीच्या आईने तिला जे मांडीवर घेतलं ते जेवणापर्यंत खाली ठेवलं नाही.

जेवताना ऑरिनने सांगितलं की पुढच्या प्रशिक्षणाचा हुकूम आलाय, टेक्सासला जायचंय. ट्रिनाने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला, तो बराच वेळ चघळला आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या छावणीपासून एक्कावन्न मैलांवर कुठलं गाव येतं?"

"ट्रिना."

"नुसतं विचारतेय मी," ट्रिना म्हणाली.