बोळातला बख्तियारी तह

आमच्या बोळात एक इलखानी आणि एक इलबेगी राहतात. इलखानींचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. इलबेगी परकर-पोलकी शिवतात. दोघांनाही या पदव्या तळभंडारे अण्णांनी दिल्या, आणि त्या काढून घेण्याचा अधिकारही अण्णांनी स्वतःकडेच ठेवला आहे.

अण्णा भूमी अभिलेख कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झाले. भवानी पेठेतल्या आमच्या बोळाच्या मधोमध त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या. मूलबाळ नाही. त्यानंतर कधीतरी त्यांनी रद्दीच्या दुकानातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं. पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगरातल्या बख्तियारी टोळ्यांना इंग्रजांनी आपल्या बाजूला कसं ठेवलं, एवढाच त्याचा विषय. अण्णांनी ते शब्दकोश घेऊन वाचून काढलं आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. सध्या पाचवं वाचन चालू आहे.

त्यातला इतिहास मी इतक्या वेळा ऐकला आहे की सारांश बिनचूक देऊ शकतो. बख्तियारींच्या मुलखात तेल सापडलं. ते वाहून नेणारा नळ त्यांच्याच मुलखातून जात होता. टोळीचे खान दोन घराण्यांतले, एकाच रक्ताचे आणि एकमेकांच्या मुळावर उठलेले. थोरल्या पदाला इलखानी म्हणायचे, धाकट्याला इलबेगी. ही दोन पदं दोन घराण्यांत वाटून दिली की काही काळ शांतता नांदायची. युद्ध सुरू झालं तसे जर्मन हेर सोनं घेऊन तिथे पोचले आणि काही तरुण खान तिकडे वळले. तेव्हा इंग्रज वकिलानं थोरल्या खानांशी तह केला. "वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दरबारातला," अशी टीप अण्णा दर वेळी जोडतात.

"नळ फोडणार कोण? खानाची माणसं. मग राखण कुणाला द्यायची? खानालाच," ते म्हणतात. "लई साधं हाय. पण सुचायला इंग्रज लागला."

हा इतिहास ते कशालाही लावतात. भाजीवाली भाव उतरवेना झाली, की मला बाजूला घेऊन सांगतात, "हिला जर्मनांनी आधीच गाठलंय." लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष रुसून बसले, तर त्यांचा सल्ला ठरलेला: "दोन्ही घराण्यांकडं जेवायचं, हात कुणाच्याच रुमालाला पुसायचा नाही." मी एका दैनिकात उपसंपादक होतो. अण्णा मला 'वार्ताहर' म्हणतात. पूर्वी मी दुरुस्ती करायचो.

गेल्या मार्चपर्यंत या सगळ्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, सकाळी साडेसहाला. बोळ चढावर आहे. तोंडाशी येमूल शेठ, अगदी वरच्या टोकाला शकिलाभाभी. मार्चमध्ये येमूल शेठनी नळाला थेट मोटार बसवली. त्यांचं पाहून खालच्या चार घरांनी बसवल्या. भाभींच्या नळातून नुसती हवा येऊ लागली. त्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तिचं धुणं-पुसणं, स्वयंपाक, सगळं भाभी बोळाच्या तोंडावरून घागरी चढवून करत होत्या, आणि मग दुखऱ्या गुडघ्यानं शिलाई मशिनचं पायडल मारत होत्या.

अण्णांनी मोटारी बसवून देणाऱ्या प्लंबरला भर बोळात 'जर्मन' म्हटलं. तो दोन दिवस विचार करून परत आला.

"अण्णा, मी जर्मन न्हाय. आमचं सगळं घराणं अक्कलकोटचं हाय."

"तेही असंच काहीतरी सांगायचे," अण्णा म्हणाले.

त्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत घरची चादर घेऊन ते येमूल शेठच्या दुकानावर गेले. साक्षीदार म्हणून मी. अण्णांनी दुकानासमोर चादर अंथरली आणि तिच्यावर बसले.

"खुर्ची हाय की अण्णा," येमूल शेठ म्हणाले.

"खुर्चीवर तह होत नाही. खाली या."

येमूल शेठ खाली बसले. त्यांचं वजन पाहता ही पहिलीच सवलत मोठी होती.

"पाण्याची राखण तुमच्याकडं द्यायचं ठरलंय," अण्णा म्हणाले.

"कुणी ठरवलं?"

"इतिहासानं."

"अहो, मोटार मीच लावतो, अन् राखण बी मीच करू?"

"म्हणूनच. बाकीच्या चौघांनी मोटारी कुठं कुठं लपवल्यात, हे तुमच्याशिवाय कुणाला म्हाईत हाय?"

हे येमूल शेठना नाकारता आलं नाही. "मग मला मिळणार काय?"

"इलखानी हे पद."

"ते घिऊन काय करू?"

"आधी घ्या. मग सोडवत नाही."

तिथून चादर वरच्या टोकाला गेली. भाभींनी मशिन थांबवलं नाही.

"इलबेगी बोले तो क्या?"

"नंबर दोनचं पद."

"नंबर दो कायकू? पानी तो मेरेकूच नै मिलता."

"इलखानी चुकला, तर त्याची जागा इलबेगीला मिळते," अण्णांनी पुस्तकावर बोट ठेवून सांगितलं.

"हौ? फिर ठीक."

ही अट तासाभरात येमूल शेठपर्यंत पोचली. कशी, ते मी सांगणार नाही. बातमीचा स्रोत उघड करू नये. त्या उन्हाळ्यात येमूल शेठ एकदाही चुकले नाहीत.

तहाची तीन कलमं होती. राखण इलखानीकडे. घड्याळ इलबेगीकडे. आणि पाण्याच्या वेळेत बोळात मोटारीचा आवाज होणार नाही. पहिल्या दिवशी येमूल शेठनी स्वतःची मोटार सोडवून दुकानात नेऊन ठेवली, मग एकेका घरात शिरून बाकीच्या चारही अचूक शोधून काढल्या. एक तर पिठाच्या डब्यामागे होती. सात वाजून दहा मिनिटांनी भाभींच्या नळाला पाणी आलं. मी घड्याळ पाहिलं होतं. भाभींनी सगळी भांडी भरली, आणि कित्येक आठवड्यांनी सासूचे केस धुतले.

तह टिकला. अण्णांची अडचण तिथून सुरू झाली.

एप्रिलमध्ये लोक त्यांच्याकडे शंका घेऊन यायचे. पाहुणे आले तर जास्तीचं पाणी मिळेल का, गच्चीवरची टाकी कुठल्या कलमात बसते. अण्णा पुस्तक उघडून निकाल द्यायचे. मे महिन्यात शंका कमी झाल्या, जूनमध्ये संपल्या. अण्णा पुरवणी कलमांचा कागद घेऊन बोळात फिरले. लोक म्हणाले, "अण्णा, आता कशाला? पाणी येतंय की." दारात उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "जय भीम" करायचे. लोक हात करायचे आणि पुढे जायचे. कुणाची तक्रारच नव्हती, तर थांबणार कशाला?

एकदा मी सहज विचारलं, तह झाल्यावर त्या इंग्रज वकिलाचं पुढे काय झालं?

"खानांचं सगळं दिलंय पुस्तकात," अण्णा म्हणाले. "वकिलाचं पुढं काही लिहिलेलं नाही."

ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे मंद्रूपला बहिणीकडे होतो. परतल्यावर पहिल्याच पाण्याच्या दिवशी, पावणेसातला, बोळात मोटारीचा आवाज आला. चांगला खणखणीत. मी बाहेर आलो. आवाज अण्णांच्या घरातून येत होता. तह लिहिणाराच तह मोडत असेल, तर उद्या खालच्या पाचही मोटारी बाहेर येणार आणि वरचा नळ पुन्हा कोरडा पडणार, हे सांगायला वार्ताहर लागत नाही. येमूल शेठ नळाच्या चावीजवळ उभे होते.

"तुमीच जाऊन बघा," ते मला म्हणाले. "अन् गप बसू नका. चांगलं सुनवा."

मी आत गेलो. अण्णांनी दाढी केलेली होती, अंगात धुतलेला शर्ट. जमिनीवर आमच्याच दैनिकाचा जुना अंक पसरून त्यावर मोटार ठेवलेली. ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. समोर चार खुर्च्या मांडलेल्या.

"कलम तीनचा भंग झालाय," अण्णा आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "शिष्टमंडळ येणार हे मला अपेक्षितच होतं. बसा."

मी वाकून पाहिलं. मोटारीला विजेची वायर होती. पाइप नव्हता, ना या तोंडाला ना त्या.

"अण्णा, पाइप?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मोटार बंद केली.

"पाइप लावला तर भाभींचं पाणी तुटंल की," ते हळू आवाजात म्हणाले.

मी पाऊण तास बसलो आणि जमेल तेवढा निषेध नोंदवला. अण्णांनी प्रत्येक मुद्दा खोडून काढला. निघताना त्यांनी माफी मागायला ठाम नकार दिला. चेहरा मात्र प्रसन्न होता.

बाहेर आल्यावर प्रश्न पडला, बोळाला काय सांगायचं? खोटी बातमी मी कधी दिली नाही, आणि खरी द्यायची इच्छा होईना. येमूल शेठनी माझी सुटका केली.

"पाइप न्हाय, म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमी न्हवता तवा, पयल्याच दिवशी कळलं. मोटार चालू, अन् नळाचा जोर जरा बी कमी न्हाय. मला काय येवढं कळत न्हाय व्हय?"

"मग मला कशाला पाठवलंत?"

"जाऊन भांडायला कुणीतरी पायजे की. आमी नंबर लावलेत. आज तुमचा होता, तुमी गावाला हुता म्हणून सांगायचं ऱ्हायलं. पुढल्या टायमाला भाभींचा."

भाभी भरलेली बादली खाली ठेवून आमच्याकडे पाहत होत्या.

"मेरे पिछले नंबर कू मैं हल्लू झगडी," त्या म्हणाल्या, "तो अण्णा दिनभर चुप बैठे. अब्बी के टाइम अच्छा जोर से झगडतूं."