शिक्क्याचं अंडं

"दुकानात यापेक्षा स्वस्त मिळतात, आक्का," समोरचा शिंपी फाटकावर रेलून म्हणाला, आणि आक्कांच्या हातातली अंड्यांची टोपली आल्या पावली माघारी वळली.

"मग दुकानातच जा! पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबड्यांची खा. माझ्या पोरी अंगणभर हिंडतात, हवं ते टिपतात, मन झालं तर घालतात. त्यांची बरोबरी दुकानाशी?"

"अहो, घेतो ना! बोलायचंसुद्धा नाही का माणसानं?"

आक्कांची खानावळ गुडघ्यांनी बंद पाडली, तेव्हापासून घरात बोलायला माणूस एकच, नवरा. तो घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून काट्यांत डोकं घातलेला. "हं"च्या पुढे त्याची गाडी जात नसे. म्हणून कोंबड्या आल्या, अंडी उरू लागली, आणि उरलेली विकायला आक्का फाटकात उभ्या राहिल्या.

भाव आधी दुकानाइतकाच होता. पण पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "घरचीच तर आहेत, जरा कमी करा की!" आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरची म्हणजे काय फुकटची? त्यांनी पाटीवरचा आकडा खोडून वाढवला. पुढे जो कुणी घासाघीस करी, त्याच्या नावाने तो आणखी चढे. आणि काय सांगावं, गिऱ्हाइकंही वाढली. एवढा भाव, म्हणजे काहीतरी असणारच!

मग कोंबड्यांची पिसं झडायला लागली. अशा दिवसांत कोंबडी अंडं देत नाही, हे आक्कांना ठाऊक होतं. दोन दिवस खुराडं रिकामं गेलं, टोपली खुंटीवर लटकली. तिसऱ्या दिवशी मात्र अंडी पुन्हा हजर! आक्कांना वाकवत नसे, त्यामुळे ती गोळा करायचं काम घड्याळजींचं.

"पाहिलंत? अंगावर पीस राहिलं नाही, पण माझी अब्रू राखली पोरींनी!"

"हं," घड्याळजी म्हणाले.

आणि एका सकाळी शिंपी अंडं नाचवत आला. तपकिरी कवचावर निळा शिक्का. दुकानाचा. अर्धा पुसलेला.

"आक्का, तुमच्या पोरी आता शिक्का मारून घालतात का?"

"माझ्या कोंबड्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे? स्वतः दुकानातून आणायचं आणि माझ्या माथी मारायचं! चला मागे. आजची अजून उचललेली नाहीत. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मग माझी नाही, त्यांची माफी मागा!"

गुडघे विसरून आक्का परसात पोचल्यासुद्धा. मागोमाग शिंपी.

खुराड्यापुढे घड्याळजी उकिडवे बसले होते. डोळ्याला भिंग, हातात ओला बोळा, शेजारी दुकानातली पिशवी. एका अंड्यावरचा शिक्का ते इतक्या हलक्या हाताने पुसत होते, जणू आत काटे फिरत होते. उघड्या पाठीच्या चार कोंबड्या मान वाकडी करून बघत होत्या.

"अहो!"

घड्याळजींनी भिंग काढलं.

"दोन दिवस अंडं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "दोन दिवस तू कुणाशी भांडली नाहीस. घर खायला उठलं गं."

इतकी वाक्यं ते एका दमात कधी बोलले होते, हे आक्कांना आठवेना. त्यांची नजर दुकानातल्या पिशवीवर गेली.

"आणि दुकानदार म्हणेल त्या भावाला घेतलीत? घासाघीस तरी केलीत का?"

"छे! अंड्यांची घासाघीस करणाऱ्याला लाज नसते. तूच सांगतेस ना फाटकावर."

शिंपी फिस्सकन हसला.

"हसताय काय? पैसे परत घ्या, आणि गल्लीत तोंड उघडलंत तर बघा!"

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी नव्हती. आक्का दुकानाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांचा आवाज पार शिंप्याच्या मशीनपर्यंत पोचत होता.

"एवढा भाव? आणि वर हा शिक्का! घरची आहेत का ही?"

मागे पिशवी धरून उभे असलेले घड्याळजी तृप्तपणे म्हणाले, "हं."