ढोमणेकाकांचा अपुरा पाठ

आमच्या शेजारचे ढोमणेकाका रोज सकाळी अंगणातल्या झाडांची हजेरी घेत. हातात खरोखरची वही असे. "पपई" अशी हाक मारत, क्षणभर थांबत आणि वहीत खूण करत. जास्वंदीचा सलग तीन दिवस खाडा लागला तेव्हा काकूंनी विचारलं, ती समोर उभी असताना गैरहजर कशी? काका म्हणाले, "उभी आहे, पण ध्यान नाही ना तिचं."

भिलाईच्या पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरातल्या आमच्या दोन क्वार्टरांत भिंत एकच. मी प्लांटच्या ऑफिसात कारकून, तर काका क्रेन ऑपरेटर होते. तीसेक वर्षं ते शेडच्या छताखाली, काचेच्या केबिनमध्ये एकटे बसले. खाली पिवळी हेल्मेटं रांगेनं सरकत. काका त्यांना आपला वर्ग समजत. एक जड प्लेट इकडून उचलून तिकडे ठेवेपर्यंत त्यांच्या दोन नद्या शिकवून होत. "एवढा शांत वर्ग कोणाले भेटते?" असं मला अभिमानानं सांगत.

मास्तर व्हायचं चौथीपासून काकांच्या मनात होतं. वडील भंडाऱ्याकडचं गाव सोडून प्लांटच्या नोकरीला आले, पुढे काकाही तिथंच चिकटले. नोकरीत बाहेरून परीक्षा देत देत बी.ए. झाले. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, काका बी.एड.ला गेले. काकू म्हणाल्या, "नातवाच्या अगोदर नवऱ्याचा टिफिन भरून राहिली मी."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी काका वर्गात शिरले, तर तपासणीला कोणी साहेब आले असं वाटून प्राध्यापकच उठून उभे राहिले. काकांनी त्यांना बसवलं आणि स्वतः पहिल्या बाकावर बसले. पोरं त्यांना अंकल म्हणत आणि त्यांच्या नोट्स उतरवून घेत. "समजलं का? नसन समजलं, तं चूक माही," हे त्यांचं पालुपद. ते दूधवाल्यापासून मला माझीच स्कूटर कशी सुरू करायची ते शिकवण्यापर्यंत सगळीकडे चाले.

बी.एड.च्या परीक्षेचा अंतिम पाठ भिलाई-3 मधल्या एका शाळेत होता. काकांची मोपेड बिघडली, म्हणून मी त्यांना स्कूटरवर नेलं आणि परवानगी काढून मागच्या बाकावर बसलो. शेजारी परीक्षक मॅडम होत्या. सहावीचा वर्ग, विषय पाण्याचे स्रोत. काकांनी दोन्ही हात पसरून नदी दाखवली, पोरं हसली, सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी खिडकीजवळच्या एका मुलीला प्रश्न विचारला. ती उभी राहिली आणि खाली बघू लागली. शेजारची म्हणाली, "सर, ये बोलती नहीं है. गाँव से आई है."

काकांनी हातातला तक्ता ठेवला. तिच्यासमोर बाकाच्या कडेवर बसले आणि छत्तीसगढीत विचारलं, पोरी, तुझ्या घरी पाणी कुठून येतं? "नोनी, तोर घर म पानी कहाँ ले आथे?"

ती बोलली नाही. काका थांबले. मॅडमनी घड्याळ पाहिलं. लांब यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना भिडल्याचा आवाज आला. खिडकीतून आलेलं ऊन फळ्याच्या कडेपर्यंत सरकलं होतं. काका मात्र असे बसले होते, जणू त्या दिवसाला संध्याकाळ व्हायचीच नव्हती.

"तरिया ले," ती पुटपुटली. तळ्यातून. मग आपोआप पुढचं आलं. तळ्यातली कमळं, म्हशी, आजीचा कपडे धुण्याचा दगड. वर्ग गप्प बसून ऐकत होता. घंटा झाली तेव्हा काकांचा निम्मा पाठ तसाच राहिला होता. मॅडमनी सौम्यपणे सांगितलं, की मुद्दे अपुरे राहिले, गुण जातील. काका "जी" म्हणाले.

पुढे ते काठावर पास झाले. त्या शाळेच्या मोठ्या मॅडमनी, खेड्यातून नव्यानं आलेल्या मुलांसाठी, आठवड्यातून दोन दिवस त्यांना बोलावून घेतलं. पण मला सारखी आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट. आम्ही चहाला थांबलो. मी जरा चिडूनच विचारलं, काहून थांबले तुम्ही तिथं? दुसऱ्या पोरीला विचारायचं होतं.

काकांनी चहावर फुंकर घातली.

"गावाहून इथं आलो तं पाचवीत होतो," ते म्हणाले. "हिंदी येत नव्हती. वर्षभर शाळेत एक शब्द नाही बोललो. मास्तर चांगले होते, मारत नव्हते. मले उठवत, थोडंसं पाहत, अन् दुसऱ्याले विचारत."

मी माझा चहा खाली ठेवला.

"मी रोज उत्तर घेऊन उभा राहायचो, सुधीर," काका म्हणाले. "मराठीत."