क्षिप्राबाईंची मासळीबाजारांतील बर्फस्वारी

श्रीकुलस्वामिनी समर्थ. शके एकोणीसशें एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, सिंगापूर मुलुखीं, बुकित पंजांग ठाणीं, अकराव्या मजल्याचे फ्लॅटांत जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें लिहिलें असे. कारण कीं आमच्या वन्सं, पुणेंनिवासी सरोजिनीबाई, यांणीं फोनावर फोन करून बोभाटा उठविला जे, सून नवऱ्याशीं भांडून परमुलुखीं निघाली. वन्सं येथें हजर नव्हत्या. आम्ही होतों. सबब खरें तें लिहितों. ज्यांस रुचेल त्यांणीं वाचावें, न रुचेल त्यांणीं वन्संचें ऐकावें.

तरी मजकूर ऐसा जे, आमच्या स्नुषा सौभाग्यवती क्षिप्राबाई, वन-नॉर्थचे कंपनींत इंजिनेर, रोज एलआरटीचे ठेसनापर्यंत सायकलीवर स्वार होऊन जाणार, त्यांस कंपनीसरकारचा हुकूम आला कीं सहा मास फिनलंड मुलुखीं जाऊन कामाचा बंदोबस्त करावा. आणि तेथें बिऱ्हाड एकीकडे, कचेरी कोसभर दूर, बस तुरळक, आणि लोक भर बर्फांतही सायकलीनेंच जातात, सत्तर वर्षांच्या आज्यासुद्धां, ऐसें तेथील कारकुनाचें पत्र. क्षिप्राबाईंस ही मोहीम जिवापाड हवी होती; चार वर्षें वाट पाहून नांव निघालें होतें. परंतु आमचे चिरंजीव राजश्री अंकुरराव, पाया लेबारचे कचेरींतील कारभारी, यांचें धाबें दणाणलें. मग त्यांणीं काँप्युटरावर चौदा पानांचा देखावा रचिला आणि दिवाणखान्यांत दरबार भरवून दाखविला: घसरले इतके, हाडें मोडलीं इतकीं, लाल बाण, पिवळे बाण. आणि निकाल दिला जे, सिंगापुरीं बर्फ नाहीं, बर्फ नाहीं म्हणून तालीम नाहीं, तालीम नाहीं म्हणून जाणें नाहीं. येत्या सोमवारीं कंपनीस नकार कळवावा. क्षिप्राबाई कोशिंबिरीची काकडी चोचवीत होत्या, आणि ज्या आवेशानें चोचवीत होत्या तो पाहून आम्ही काय तें उमजलों.

मग आम्हीं फर्मान काढिलें. "बर्फ नाही कसा? ब्लॉकामागच्या मासळीबाजारात रोज दुपारी ढिगानं जमिनीवर ओततात. आठ वर्षं नाकाला पदर लावून बघतेय मी."

अंकुरराव बोलले, "आई, तो माशांचा बर्फ आहे."

"मग? माशांचा काय कमी घसरतो?"

मग तह ठरला जे, रविवारीं बाजार उठतेसमयीं क्षिप्राबाईंनीं बर्फावरून तीन फेऱ्या कराव्या. एकदांही पडल्यास नकाराचें पत्र रवाना व्हावें, न पडल्यास अंकुररावांनीं तोंड मिटावें.

आमचे घरीं सात पिढ्यांत कोणी मासळीचे बाजाराची पायरी चढलें नव्हतें. ती आम्हीं चढलों. तेथील जुने मानकरी आह सेंग अंकल, तीस वर्षें मासळीच्या टोपल्या सायकलीस बांधून त्याच निसरड्यांतून हांकणार, अद्याप न पडलेले, त्यांस गुरुपद दिलें. क्षिप्राबाईंनीं रजा काढिली आणि पांच दिवस तालीम जाहली. पहिले दिवशीं दोनदां आपटल्या, कोपर सोलटलें, उठल्या. अंकलनीं विद्या दिली ती ऐसी: चाकांतील हवा थोडी सोडावी म्हणजे रबर भुईस धरून राहतें, बैठक खालीं घ्यावी म्हणजे दोन्ही पाय टेंकतात, पुढला ब्रेक विसरावा, वळणें तें बर्फाआधीं वळावें, बर्फावर हँडल सरळ, आणि नजर चाकावर नव्हे, दूर. "स्लो लाह, आंटी," ऐसें आम्हांसही सांगत, वास्तविक आम्ही नुसत्या उभ्या होतों.

रविवारीं दोन प्रहरीं क्षिप्राबाई पुरत्या जामानिम्यानिशीं हजर जाहल्या: मागून आणिलेला जाड कोट, लोकरीचे हातमोजे, हेल्मेट, आणि वरून सिंगापूरचें ऊन. घामाच्या धारा लागल्या. कोळंबीवाल्या बायांनीं दुतर्फा गर्दी केली. अंकुरराव प्रथमोपचाराची पेटी पोटाशीं धरून उभे, आणि चेहरा ऐसा कीं पेटी त्यांसच लागावी. पहिली फेरी निभावली. दुसरींत मागलें चाक हाललें, सांवरलें. तिसरी निम्मी जाहली तों एक म्हातारी आजी भाजीची गाडी ओढीत नेमकी आडवी आली. क्षिप्राबाईंनीं पायडल थांबविलें, सायकल आपोआप मंदावूं दिली, डावा पाय भुईस टेंकला, उभ्या राहिल्या, आजी गेली, मग पुढें चालवून फेरी पुरी केली.

अंकुररावांनीं तक्रार घातली. "पाय टेकला. म्हणजे पडलीच."

आह सेंग अंकलनीं हातांतली मासळीची जाळी खालीं ठेविली. "फॉल मीन्स बॅकसाइड टच ग्राउंड, लाह. धिस वन इज स्टॉपिंग."

आम्हीं डोळे वटारून पाहिलें, तों अंकुररावांचा आवाज अगदीं उतरला. बोलले, "तिथं पडली तर उचलायला मी नसेन ना, आई."

हें आम्हांस सांगितलें, परंतु जाब क्षिप्राबाईंनीं दिला. हेल्मेट काढून घाम पुसला आणि म्हणाल्या, "म्हणून तर पाय टेकायला शिकले, अरे."

मग अंकुररावांनीं पेटी उघडली आणि पांच दिवसांमागें सोलटलेल्या कोपरास, जें एव्हांना बरें जाहलें होतें, पट्टी बांधिली. क्षिप्राबाईंनीं बांधूं दिली.

येणेंप्रमाणें मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, भानुवासरीं, मासळीबाजारचे मैदानीं फत्ते जाहली. आह सेंग अंकल यांस आमचे हातचे बेसनाचे लाडू अकरा देऊन गौरविलें. आणि पुढील पिढ्यांस दाखला असावा म्हणून कायम केलें जे, बर्फावर पाय टेंकणें यास पडणें म्हणूं नये. क्षिप्राबाई टेंकल्या, थांबल्या, पुढें गेल्या, सबब जिंकल्या, ऐसें दप्तरीं नमूद असे.