निळ्या बंपरचं स्टूल

आमच्या दीक्षितपुऱ्यातले सरवटे काका माणसाची तब्येत विचारत नाहीत, वजन विचारतात. मला तर रोज. "गज्या, घटला तर नाहीस ना बे?" शाळेनं मला काही दिलं नाही, देवानं वजन दिलं. त्याची कदर करणारा हाच एक माणूस भेटला.

काका फॅक्टरीतून रिटायर. आता गाड्यांचे फुटके बंपर आणतात, रंग खरवडतात, तुकडे वितळवतात, प्लास्टिकचे नवे दाणे अन् रबराची भुकटी घालून साच्यात दाबतात. कोणी भंगार म्हटलं की भडकतात. "मेलं नाही ते, थकलं आहे. ताकद वापस देऊन राहिलो मी!" मग त्या वस्तूवर मला चढवतात. पाट, चौरंग, सगळं माझ्याखाली टिकलं.

टिकत नव्हतं एकच, काकूंचं आंघोळीचं स्टूल. काकूंचे गुडघे गेले, आता त्या विसरतातही. ज्या निळ्या गाडीनं त्या शाळेत शिकवायला जायच्या, ती भंगारात गेली. तिच्याच बंपरचं स्टूल काकांना करायचं होतं. मी चढलो की कडाड! मी अंगणात उताणा.

"काका, विजय नगरात चांगलं स्टूल भेटते."

"लाथ खाशील."

मला वाटे, माझीच चरबी आडवी येऊन राहिली. मीच माफी मागायचो. एकदा पडल्या पडल्या फुटक्या तुकड्यात निळे ठिपके दिसले.

"काका, याचा रंग काहून नाही काढला? तुम्हीच तर सांगता, रंग राहिला की तिथूनच तडकते."

"माहीत आहे बे." मग हळूच म्हणाले, "रंग काढला, तर तिचं काय उरलं त्यात?"

त्याच हप्त्यात काकू न्हाणीत घसरल्या. हाड वाचलं. बंपरचा शेवटचा तुकडा उरला होता. काका ओट्यावर बसून खरवडू लागले. मी मदतीला गेलो, तर चाकू दिला नाही. खालचं काळं प्लास्टिक उघडं पडत गेलं, निळा भुगा मांडीवर साचत गेला, तो झटकलाही नाही.

यावेळी स्टूल हललंसुद्धा नाही. मी वर चढून नाचलो. काका हसले नाहीत.

काकूंना आम्ही दोघांनी धरून न्हाणीत नेलं, कपड्यांनिशीच बसवून पाहिलं. त्यांनी खाली बघितलं.

"हे काळं काय आणलं?"

"तुझ्या गाडीचं आहे."

"काहीही! माझी गाडी निळी होती."

"अच्छा?" काका खाली ओल्या फरशीवर बसले. "सांग ना, कशी होती?"