आबांच्या शिल्लक युनिटांबाबत

व्यक्तीचे नाव : श्री. धोंडीराम सखाराम, सर्वत्र प्रचलित नाव आबा. वय : सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. धंदा : शहराच्या पाणीपुरवठ्यातून सेवानिवृत्त व्हॉल्व्हमन. राहणार : बीड शहर, आमच्या घराच्या पश्चिमेस भिंतीला भिंत लागून. घटनेचा काळ : मागील पावसाळा सरल्यापासून आजतागायत. साक्षीदार : एक, सौ. कौसाबाई, नात्याने पत्नी. दोन, चाँदभाई, समोरचे मिक्सर दुरुस्तीवाले. तीन, खुद्द लिहिणार, म्हणजे तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणारा मी. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असले, तरी माझा मसुदा कोणत्याही कचेरीतून त्रुटीसह परत आलेला नाही, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

हकीकत अशी की, सदर आबांच्या गच्चीवर सूर्यापासून वीज तयार करणारा तीन किलोवॅटचा संच बसवलेला असून, ते स्वतःचा मोबाईल चार्ज करण्यासाठी आमच्या घरी येतात.

वाचकांनी वरील वाक्य पुन्हा वाचावे. ज्याच्या डोक्यावर वीज तयार होते, तो मनुष्य रोज सकाळी आमच्या ओसरीवर येतो, माझ्या बोर्डात वायर खुपसतो आणि वर मलाच म्हणतो, "मुनशीजी, तुमचं बिल तसंबी येतंयच की."

आबांचा स्वभाव समजण्यासाठी त्यांच्या नोकरीची माहिती असणे आवश्यक आहे. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ते आठवड्याने येते, कधी त्याहून उशिरा येते, आणि आले की घरातील प्रत्येक हंडा, घागर, पिंप व तांब्या भरून ठेवणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य असते. आबांनी उभी हयात खांद्यावर लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली हे पाणी सोडले. ज्या गल्लीत ते वळत, त्या गल्लीत बायका भांडी घासायचे सोडून धावत. त्या नोकरीतून त्यांच्या अंगी एकच तत्त्वज्ञान मुरले : "भरून ठेवावं. सुटलं की गेलं." लग्नात जेवायला बसले तरी ते आधी वाटी भरून घेतात आणि मग भूक आहे किंवा कसे, याचा विचार करतात.

निवृत्तीनंतर मिळालेल्या फंडातून त्यांनी हा संच बसवला. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात झाला. त्यातील काही रक्कम सरकारी अनुदान म्हणून नंतर परत आली, हे खरे. परंतु त्यापूर्वी त्यांचे विजेचे बिल किती येत होते, हे विचारात घेतले पाहिजे. घरात दोन म्हातारी माणसे, एक पंखा, दोन दिवे आणि एक जुना टीव्ही. त्या बिलाच्या बचतीतून संचाची किंमत वसूल करायची तर आबांना आणखी एक जन्म घेऊन पुन्हा त्याच घरात राहायला यावे लागेल. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले होते. त्यांनी कागद उलटा करून त्यावर मटकी निवडायला घेतली.

त्यापुढील वर्तन अधिक गंभीर आहे. दिवसभरात घरात जी वीज वापरली जात नाही, ती तारेतून बाहेर जाते आणि मीटर तेवढे युनिट आपल्या नावावर जमा दाखवते. ही गोष्ट संच विकणाऱ्या पोराने आबांना समजावून सांगितली, आणि तेथेच घात झाला. कारण आबांना वीज समजली नाही, त्यांना टाकी समजली.

"म्हंजी आपून न्हाई वापरली, तर तिकडं भरून ऱ्हाती?"

"राहते ना काका. पुढच्या महिन्यात वापरा."

"आन् त्याच्या पुढच्या म्हैन्यात?"

"तेव्हापण."

तो पोरगा त्या दिवशी खरे बोलला, परंतु पुरते बोलला नाही. आणि अर्धे खरे बोलणाऱ्यावर आमच्या अनुभवात कोणतेही कलम लागत नाही.

त्या दिवसापासून आबांनी घरातील पंखा बंद केला. टीव्हीवर चादर टाकली. सायंकाळी ते रस्त्याच्या दिव्याखाली खुर्ची टाकून बसू लागले आणि कौसाबाई उंबऱ्यात बसून, रस्त्यावरचा जेवढा उजेड आत येईल तेवढ्यात भाजी चिरू लागल्या. आणि ही सर्व काटकसर चालू असताना आबांनी एसी विकत घेतला. तो आतल्या खोलीत बसवला, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली, पिशवीला सुतळी बांधली आणि खोलीला बाहेरून कडी लावली.

"घरात वीज पिकतीया," कौसाबाई माझ्या पत्नीजवळ म्हणाल्या, "आन् आमी पदरानं वारा घेतो. इचारलं तर म्हणत्यात, मे म्हैन्यात लागणार हाय. आगं, मे म्हैन्यापस्तोर मी जगते का मरते, त्याचा काय भरवसा हाय का?"

चाँदभाई दुकानातून हे, आणि तासन्‌तास मीटरसमोर उभे राहणारे आबा, रोज पाहत. एकदा त्यांनी हाक मारली, "क्या आबा, मीटर तुमच्या तोंडाकडं बघतोय का तुम्ही मीटरच्या?"

"चाँद्या, तुला न्हाई कळायचं. भरतंय."

"भरून काय कब्र में ले जाते क्या?"

"मे म्हैन्यात बघ तू."

संच धुण्याबाबतही नमूद करणे भाग आहे. संचाच्या काचेवर धूळ बसली की वीज कमी होते, हे समजल्यावर आबा पहाटे गच्चीवर जाऊन काच पुसू लागले. पाणी कोणते, तर पिण्याचे, गाळलेले. कारण खाऱ्या पाण्याने डाग पडतात. ज्या आमच्या शहरात पाहुण्याला अर्धा पेला पाणी देऊन वर "अजून देऊ का" असे विचारत नाहीत, तेथे हा मनुष्य काचेला तांब्याने पाणी घालतो. कौसाबाई खालून ओरडत, "पूजा झाली का महादेवाची?" आबा वरून उत्तर देत, "झाली. घागर वर दे अजून एक."

दर महिन्याला बिल आले, की आबा ते मला वाचावयास देत. बिलाची रक्कम ते विचारत नसत. शिल्लक युनिटांचा आकडा कोठे लिहिला आहे, एवढेच विचारत आणि त्या जागी अंगठा ठेवून थोडा वेळ बसून राहत. गल्लीत त्यांना चिकट म्हणत. मीही म्हणत असे, आणि उपलब्ध पुराव्यावरून ते बरोबरच होते.

असे करता करता हिवाळा गेला, उन्हाळा लागला आणि मार्च संपला. एप्रिलचे बिल आले. आबांनी नेहमीच्या जागी अंगठा ठेवला व विचारले, "किती?"

मी पाहिले. तेथे शून्य होते.

आम्ही उभयता वीज कार्यालयात गेलो. खिडकीत एक बाई होत्या, वयाने आबांच्या मुलीएवढ्या. त्यांनी बिल पाहिले, संगणकात पाहिले आणि सौजन्याने सांगितले, "काका, मार्चअखेर हिशेब बंद होतो. शिल्लक युनिटचे पैसे लावलेत तुम्हाला. हे बघा, बिलात जमा आहेत."

जमा रक्कम युनिटामागे इतकी किरकोळ होती, की विजेचा आणि चिंचोक्यांचा भाव एकच असावा.

"पैसं न्हाई पायजेत," आबा म्हणाले. "युनिट पायजेत."

"युनिट पुढच्या वर्षात जात नाहीत, काका."

"मी टाकी भरून ठिवली हुती. तुमी कुणाला इचारून सोडली?"

येथे मी मध्ये पडलो. ही उघडउघड अमानतीत खयानत असून, ठेवीदाराची ठेव त्याच्या संमतीवाचून मोडता येत नाही, असा मुद्दा मी मांडला. बाईंनी कपाटातून करारनामा काढला. त्यात तसे कलम होते आणि खाली आबांची सही होती. विक्रेत्या पोराने सह्या घेतल्या, त्या दिवशी मी वडवणीला एका शेतजमिनीच्या वाटणीच्या, म्हणजे खातेफोडीच्या कामाला गेलो होतो. अन्यथा ते कलम माझ्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

"घरात किती माणसं आहात काका?"

"दोन."

"मग वापरली का नाही वीज?"

"ठिवली. मे म्हैन्यासाठी."

बाईंना खरोखरच नवल वाटले असावे. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात बीडला ऊन कमी पडतं का काका? तेव्हाची वीज तेव्हा तयार होईल की. तुमच्या संचावर एसी चालतो. दिवसा लावा, रात्री लावा. साठवायची काही गरजच नव्हती."

आबांनी खिडकीच्या फळीवरचे आपले हात काढून घेतले. मागच्या माणसाने पुढे सरकून आपले बिल आत दिले.

कार्यालयाच्या बाहेर पायऱ्यांवर आबा बसले. मी ग्राहक मंचाकडे करावयाच्या अर्जाची रूपरेषा सांगू लागलो. पहिल्या परिच्छेदात वस्तुस्थिती, दुसऱ्यात मानसिक त्रास, तिसऱ्यात नुकसानभरपाई. आबा ऐकत नव्हते.

"मुनशीजी, तुमी गावाला गेलतात तवा," ते म्हणाले. "दोन उन्हाळे झाले. मंगल आलती."

मंगल ही त्यांची एकुलती मुलगी; नाशिकला दिली आहे. त्या उन्हाळ्यात ती आपल्या लहान मुलीला घेऊन आली होती. दुपारी वीज गेली, ती सायंकाळपर्यंत आली नाही. पोरीला ऊन लागले, उलट्या झाल्या आणि दवाखान्यात सलाईन लावावे लागले. जावई तातडीने आले. पोरगी तोवर उठून बसली होती, बिस्किट खात होती. जावयांनी तिला उचलले आणि दवाखान्याच्या दारात, चार लोकांसमक्ष म्हणाले, "हे गाव पोरं आणायच्या लायकीचं नाही. परत इथं पाठवणार नाही."

"म्या त्यांचं कायबी वावगं म्हणत न्हाई," आबा म्हणाले. "बापाचं काळीज हाय. पण म्हणलं, आपल्या घरात तरी लायकी आणू. एक खोली. म्हैनाभर राहिली तरी दिवसरात गार ऱ्हायला पायजे, आन् वीज कमी पडली आसं कुणी म्हणायला न्हाई पायजे. म्हणून भरीत गेलो."

"आबा," मी म्हणालो, "त्या बाईंचं म्हणणं असं आहे, की नुकसान काहीच नाही. वीज मे महिन्यात पुरेल."

"पुरंल की," आबा म्हणाले. "पण मी त्यांना काय सांगू? वर्सभर भरून ठिवलंय, आसं सांगणार हुतो. आता काय हाय माझ्याजवळ सांगाया?"

ग्राहक मंचाचा अर्ज त्यांनी मला लिहू दिला नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी ते तहसीलसमोर माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि जावयांना पत्र लिहावयास सांगितले. मुलीला फोन का करीत नाही, असे मी विचारले. "ती बिचारी मधी सापडती," असे उत्तर मिळाले.

मसुदा पुढीलप्रमाणे ठरला. आरंभी त्यांनी एक महिना लिहावयास सांगितले. मी लिहिले. मग म्हणाले, "म्हैना लई होतो. मानूस बिचकतं. आठ दिस करा." मी खोडून आठ दिवस केले. त्यांनी पानाकडे पाहिले. "दुपारचं ऊन त्यांच्या मनात बसलंय. आसं करा, दिस बुडताना या म्हणावं, दिस उगवायच्या आत निघा. एक रात. खोली गार करून ठिवतो म्हणावं. आवडली तर ऱ्हावा."

माझ्या धंद्यात लोक मागणी वाढवून लिहायला सांगतात. एकराची दोन एकर करतात, हजाराचे पाच हजार करतात. पक्षकार स्वतःच आपली मागणी कमी करत जातो आणि समोर कोणी घासाघीस करणारा नसतो, असे प्रकरण माझ्याकडे पूर्वी आलेले नाही. या मसुद्याचे शुल्क मी घेतले. आबांनी फुकट लिहू दिले नसते.

पत्र पोचपावतीसह रवाना केले. पोचपावती परत आली. तिच्यावर जावयांची स्वच्छ, शिकलेल्या माणसाची सही आहे. उत्तर आलेले नाही. आबा रोज सकाळी मला फक्त एवढेच विचारतात, "नाशिकहून सुटलेली डाक हितं कितव्या दिवशी पोचती वो, मुनशीजी?" आणि मी, ज्याला डाकेचे सर्व नियम पाठ आहेत, तो म्हणतो, "हल्ली फार उशीर होतो."

मे जवळ येत चालला आहे. एसीवरची पिशवी आबांनी काढली आहे. खोली रोज झाडली जाते आणि पुन्हा कडी लागते. पंखा मात्र अद्याप बंद आहे. याचे कारण विचारले असता, नव्या वर्षाचे खाते उघडले आहे, असे उत्तर मिळते.

सबब, वाचकांपैकी नाशिकचे ते जावई असतील, अथवा त्यांना ओळखणारे कोणी असतील, तर त्यांना या लेखाने नम्र विनंती करण्यात येते की, त्यांनी आबांचे पत्र मिळाल्याचे व त्यातील एका रात्रीच्या विनंतीबाबत आपला जो काही निर्णय असेल तो लेखी कळवावा. होकार असल्यास गाडीची वेळ कळवावी. नकार असल्यास तोही द्यावा, परंतु सत्वर द्यावा. कारण कौसाबाईंनी नातीसाठी कुरडयांचा गहू भिजत घातला आहे, आणि पोचपावती आल्याचे त्यांना अद्याप कोणी सांगितलेले नाही.

उत्तराची प्रतीक्षा आहे. कळावे.